पीपीपी मूळ पॅकेजातच राहील

कपाशीच्या बियाण्याच्या डब्यात दोन पाकिटं असतात. एक साडेचारशे ग्रॅमचं, एक एकशेवीस ग्रॅमचं.

मस्तगड, जुना जालना, फेब्रुवारी २००७. वीज नाही : सकाळी सहा ते दहा. वीज नाही : दुपारी दोन ते सहा.

ज्वारीच्या रानात, कणसांच्या वर हातभर, काहीतरी गोल चमकतंय आणि फिरतंय.

"आकार ही आपली शिस्त आहे." (पुण्याहून आलेली ईमेल, तिसरी ओळ.)

टीईई. टिंग टिंग. खर्रर्रर्र. खर्रर्र. मग काहीच नाही.

− पीपीपी : मूळ
+ पीपीपी : जादा

"एक मार्चपर्यंत बघतो. मंग पोती आणून टाकतो."

यादी, आवृत्ती ४१

उमा अंबेकर मस्तगडात कॉम्प्युटर क्लास चालवते. खाली कापडाचं दुकान, वर क्लास. नऊ मशीनं, त्यातली सात चालू. पाटीवर 'मराठी व इंग्रजी टायपिंग' एवढंच आहे.

पाटीवर नसलेलं काम असं. पालवी नावाचं लिनक्स आहे, मराठीतून चालणारं, फुकट वाटलं जाणारं. दहाबारा माणसं आपापल्या गावी बसून ते तयार करतात. पगार कोणालाच नाही. त्यातली कर्नलची पॅकेजं उमा बांधते.

कर्नल म्हणजे मशीन सुरू झालं की आधी जागा होणारा प्रोग्रॅम. त्याला एकट्याला फार थोडं येतं. कागदावर छापायचं कसं, स्पीकरमधून आवाज काढायचा कसा, फोनच्या तारेवर बोलायचं कसं, हे त्याला मॉड्यूल शिकवतात. एक मॉड्यूल म्हणजे एक छोटी फाइल. अशी सतराशे एकसष्ट. पालवीच्या सीडीत शब्दकोश, शाळेचे धडे, खेळ, पत्रं लिहायचं सामान, सगळं कोंबलेलं. त्यातून मॉड्यूलांच्या वाट्याला अठरा एमबी येतात. म्हणून त्यांची दोन पॅकेजांत वाटणी. 'मूळ' प्रत्येक मशीनवर जातं. 'जादा' ज्याला लागेल त्याने मागाहून टाकायचं.

कोणतं मॉड्यूल कुठे, हे एका यादीत लिहिलेलं असतं. ओळीला एक नाव, पुढे मूळ किंवा जादा. ओळ बदलली की जुनी − लावून आणि नवी + लावून दाखवतात, आणि आवृत्तीचा आकडा एकाने वाढतो. वाचायला ही यादी महाकंटाळवाणी आहे. उमाला ती तोंडपाठ आहे, असं उमा म्हणते.

डिसेंबरात पुण्याहून गजाननचं ईमेलने पत्र आलं. गजानन पालवीचा प्रमुख. जालन्यात डिप्लोमाला उमाच्याच वर्गात होता, आता पुण्यात कंपनीत आहे, शनिवार-रविवार पालवीला देतो.

"उमा, पीपीपी जादात टाक. फोन फिरवून इंटरनेट लावणारं आता आहे कोण? सगळीकडे ब्रॉडबँड आलंय. आकार ही आपली शिस्त आहे. ज्याला पीपीपी पाहिजे तो इंटरनेटवरून जादा पॅकेज उतरवून घेईल."

पीपीपी म्हणजे नेमकं ते मॉड्यूल, जे फोनच्या तारेवर बोलतं.

उमाने उत्तर लिहिलं : "उतरवून घेईल कशावरून? फोनवरून. फोन लागेल कशाने? पीपीपीने. ते कुठे आहे? इंटरनेटवर. गजानन, हे पत्र तू जेवल्यावर लिहिलंस का?"

"मग जादाची वेगळी सीडी देऊ. पाकिटात दोन सीड्या. मिटलं."

उमाला मिटलंय असं वाटलं नाही. पण क्लासात परीक्षा होत्या, वीज दोनला जाणार होती, आणि वाद घालायला पाऊण तास लागला असता. तिने स्वतःच्या हाताने चार ओळींतलं 'मूळ' खोडून 'जादा' केलं. जानेवारीत अकरा गावांतल्या अकरा माहिती केंद्रांना चाचणीच्या सीड्या गेल्या. प्रत्येकी दोन.

यादी, आवृत्ती ४१ (अजून तीच)

फोन.

"म्याडम, मी गोजरबाई. अंतरवाली सराटीहून."

गोजरबाई सातवी शिकलेल्या, वय चव्वेचाळीस. दोन वर्षांपूर्वी तीन महिने रोज एसटीने येऊन त्या उमाच्या क्लासात टायपिंग शिकल्या. आता गावात चौकातल्या चहाच्या टपरीला लागून एका खोलीत माहिती केंद्र चालवतात. एक मशीन, एक फोन, दोघांना जोडणारा एक मोडेम. मोंढ्यातले, म्हणजे धान्यबाजारातले भाव, परीक्षांचे निकाल, भरतीचे फॉर्म.

"बोला गोजरबाई. नवी सीडी घातली?"

"घातली ना. लै झाक दिसून राह्यलं. पण फोन न्हाई उचलून राह्यलं. चार दिस झाले. नुसतं बसून राहतं मुक्यावानी."

"दुसरी सीडी टाकली का?"

"दुसरी कोन्ती?"

"पाकिटात दोन होत्या."

"हां, ती व्हय. ती रानात हाय."

"रानात?"

"ज्वारीत."

उमाने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"म्याडम? ऐकू येऊन राह्यलं का?"

बांधावर

दुसऱ्या दिवशी उमा वडीगोद्रीपर्यंत एसटीने आणि पुढे काळ्या-पिवळ्या जीपने गेली. जीपमध्ये सतरा माणसं होती आणि एक शिलाई मशीन.

ज्वारी निसवून दाण्यात आली होती. रानाच्या मधोमध काठी रोवलेली, काठीला दोरा, दोऱ्याला पालवीची दुसरी सीडी. वाऱ्याने फिरत होती. तिच्या उजेडाचा ठिपका कणसांवरून पळत होता. शेजारच्या रानात चिमण्यांचा थवा बसला होता. या रानात एकही नव्हती.

"पाखरं भेतात बघा," गोजरबाई म्हणाल्या. "पयले मी बुजगावणं केल्तं. त्याच्या डोक्यावरच बसायची."

"गोजरबाई, ही टांगायला दिली नव्हती."

"मला काय म्हाईत? आता कपाशीचा डबा घ्या. दोन पाकिटं निघतात का न्हाई? मोठं बीटीचं. लहान साध्या कपाशीचं. कंपनी म्हणती, ते कडंनं लावा. लावतंय कोण? गावात एकबी मानूस लावत न्हाई. उकिरड्यावर जातं ते. तुमच्या पाकिटातून दोन निघाल्या. एकीवर 'मूळ', एकीवर 'जादा'. म्हटलं, हेबी तसंच."

"अहो, पण फोन त्या दुसरीवरच होता."

"मंग त्या मोठीत काहून न्हाई घातला?" गोजरबाईंनी कमरेवर हात ठेवला. "कामाचं हाय तं कामाच्या पाकिटात पायजे. 'जादा' लिहायचं आन वरून म्हणायचं वापरलं काहून न्हाई."

उमाने दोरा सोडून सीडी हातात घेतली. ओरखडे, धूळ, पाखरांची घाण. ती आता कोणत्याही मशीनला वाचता आली नसती.

"राहू द्या म्याडम. काढली तं पाखरं येतील."

उमाने ती परत बांधली. गाठ नीट बसेना, गोजरबाईंनी बसवली.

केंद्रात आल्या तेव्हा दारात रामराव उभा होता. गोजरबाईंच्या नवऱ्याचा चुलतभाऊ. खोली त्याची. दोन वर्षांपूर्वी रिकामीच पडली होती म्हणून त्याने वापरायला दिली होती.

"काय वहिनी, मशीन मुकं झालं म्हणं."

"आजारी पडलंय. डाक्टर आणलाय," गोजरबाई उमाकडे बोट करून म्हणाल्या.

"डाक्टर येवो का वैद. लोक येऊन परत जाऊन राह्यले. मला खताची पोती ठेवायला जागा न्हाई. एक मार्चपर्यंत बघतो. मंग पोती आणून टाकतो."

"तुमच्या डोक्यावर ठेवा भावजी, लै जागा हाय."

टपरीवरची माणसं हसली. रामरावही हसला. पण जाताना त्याने खोलीची रुंदी पावलं टाकून मोजली. दहा पावलं.

तो गेल्यावर गोजरबाई मशीनसमोर खुर्चीवर बसल्या. लोखंडी, निळ्या पट्ट्यांची खुर्ची.

"म्याडम, घरी मी खुर्चीवर बसत न्हाई. सासरे असतात, मोठे दीर असतात. लग्नाला सत्तावीस वर्सं झाली. हितं बसते. हितं येणारा मानूस उभा राहून इचारतो आन मी बसून सांगते." त्यांनी कीबोर्डवरची धूळ पदराने पुसली. "पोती आली तं खुर्ची जाईल. बाकी मला काय बी म्हणायचं न्हाई."

यादी, आवृत्ती ४२

− पीपीपी_जेनेरिक : जादा
+ पीपीपी_जेनेरिक : मूळ
− पीपीपी_असिंक : जादा
+ पीपीपी_असिंक : मूळ
− एसएलएचसी : जादा
+ एसएलएचसी : मूळ

बदलाचं कारण, यादीच्या रिवाजाप्रमाणे एका ओळीत : "फोन मूळ पॅकेजात परत. उमा."

यादी, आवृत्ती ४१

हा आकडा चुकलेला नाही. गजाननने ४२ रद्द केली, यादी ४१ वर परत गेली.

बदलाचं कारण : "आकार. २१२ केबी जास्त होतात. गजानन."

उमाने फोन केला.

"अगं, एका केंद्रासाठी सगळ्यांची सीडी बदलायची?"

"अकरा केंद्रं. सगळ्यांना फोन केला मी. सात जणांनी दुसरी सीडी मशीनमध्ये घातलेलीच नाही. एकाने तिच्यावर चहाचा कप ठेवलाय. एकीच्या नातीने आरसा केलाय."

"लोकांना वाचता येत नाही का?"

"येतं ना. 'जादा' असं वाचलं त्यांनी."

"मग नाव बदलू. 'पूरक' म्हणू. 'आवश्यक पूरक'."

"गजानन, तू डब्यातल्या लहान पाकिटावर सोन्याचं पाणी चढवलंस तरी ते उकिरड्यावरच जाणार."

"कोणतं पाकीट?"

"तुला काय सांगायचं, तुझी शेती म्हणजे बाल्कनीतली तुळस."

तो हसला, मग गंभीर झाला. "हे बघ, दोन वर्षांनी फोन फिरवणारा एकही राहणार नाही. मागच्या माणसासाठी पुढच्यांनी किती वेळ थांबायचं?"

"अंतरवालीत ब्रॉडबँड आलं की त्या दिवशी मी स्वतः पीपीपी काढते. कधी येतंय? तारीख सांग."

"२१२ केबी," तो म्हणाला. "जागा आण. मग बोल."

यादी, आवृत्ती ४३

जागा आणली.

− टीव्ही कार्डाची मॉड्यूलं, एकूण चौदा : मूळ
+ टीव्ही कार्डाची मॉड्यूलं, एकूण चौदा : जादा

बदलाचं कारण : "कॉम्प्युटरवर टीव्ही बघणारा पालवीचा एकच माणूस मला माहीत आहे. त्याच्याकडे ब्रॉडबँड आहे, तो जादा उतरवून घेईल. ९०० केबी मोकळे. पीपीपी परत. उमा."

ही ओळ वाचून पुण्यात गजाननच्या बायकोला हसू आवरलं नाही, असं उमाला नंतर कळलं. तिला नवऱ्याच्या कॉम्प्युटरमधल्या टीव्हीचं ते खर्रखर्र कधीच आवडलं नव्हतं.

गजाननने या वेळी यादी मागे नेली नाही. फक्त लिहिलं : "ठीक. चाचणी कर."

कर्नल पूर्ण बांधायला उमाच्या मशीनला तीन तास दहा मिनिटं लागत. दिवसा वीज चार तास. दहाला सुरू केलं, एक दहाला झालं. क्लासात टायपिंग शिकवायला उमाच्या हाताखाली बेबीनंदा आहे. तिने सीडी जाळली. जाळली म्हणजे लिहिली. बेबीनंदा 'जाळली'च म्हणते, आणि म्हणताना तिला बरं वाटतं.

"म्याडम, बघायचं का लावून?"

क्लासात ब्रॉडबँड होतं. मोडेम नव्हता. फोन फिरवून बघायची सोय नव्हती.

"काय बघायचंय? यादी मला पाठ आहे," उमा म्हणाली.

सीडी वडीगोद्रीच्या एसटीच्या कंडक्टरकडे दिली.

फोन, २१ फेब्रुवारी, सकाळी साडेअकरा

"म्याडम, न्हाई उचललं."

"असं होणारच नाही."

"मंग मी खोटं बोलून राह्यले का? काळ्या पडद्यावर इंग्रजीत काहीतरी आलंय."

"वाचा."

"मला इंग्रजी वाचता न्हाई येत, अक्षरं येतात. सांगते. यू. एन. के. एन. ओ. डब्लू. एन. मंग जागा सोडली. एस. वाय. एम. बी. ओ. एल. जागा. सी. आर. सी. मंग खाली आडवी रेघ. सी. सी..."

"आय, टी, टी," उमा म्हणाली.

"तुम्हाला म्हाईत हाय तं मला काहून वाचायला लावलं?"

उमा खाली बसली. खुर्ची मागे नव्हती, बाकावर बसली.

सीआरसी-सीसीआयटीटी. डिसेंबरात तिने चार ओळी बदलल्या होत्या. तीन ओळी जवळजवळ, नेटवर्कच्या भागात. चौथी आठशे ओळी खाली, किरकोळ सामानाच्या भागात. दहा केबीसुद्धा नाही. तारेवरून आलेलं अक्षर वाटेत मोडलं का, एवढंच ते तपासतं. पीपीपीला ते नसेल तर पीपीपी जागाच होत नाही. परत आणताना तिने पाठ असलेल्या तीन आणल्या. चौथी जादातच राहिली.

मूळ पॅकेजातलं मॉड्यूल जादातल्या मॉड्यूलावर टेकून उभं होतं. तिनेच उभं केलं होतं.

"गोजरबाई, चूक माझी आहे."

"हां. मंग दुरुस्त करा. भावजीनं आज पुन्हा खोली मोजली. येक पाऊल जास्त भरली म्हणून राह्यला."

पुण्याहून

उमाने आपली चूक स्वतःच कळवली. उत्तर आलं :

"उमा. चौथं राहिलं ना? यादी पाठ असणं म्हणजे यादी सांभाळणं नाही. ४३ रद्द करतो. प्रकाशन पाच मार्चला, ४१ प्रमाणे. आता वाद नको. गजानन."

हे पत्र बेबीनंदाने उमाच्या खांद्यावरून वाचलं.

"बराबर बोलला न पण थोडा," ती म्हणाली.

"हो."

"मंग?"

"अर्धं बरोबर बोलला. पाठांतरावर चालायचं नाही. चालणार नाही आता."

यादी, आवृत्ती ४४

या आवृत्तीत ४३ च्या यादीची आधी फक्त एक ओळ बदलली. चौथी. तिच्या जोडीला सव्वीस ओळींचा एक प्रोग्रॅम आला.

हा प्रोग्रॅम पॅकेजं बांधायच्या आधी चालतो. मूळमधलं एकेक मॉड्यूल घेतो, ते कोणाकोणावर टेकलंय बघतो, आणि त्यातलं एकही जादात सापडलं तर बांधकाम थांबवतो. पडद्यावर मराठीत लिहितो : "थांबलो. अमुक मूळमध्ये आहे, पण त्याला लागणारं तमुक जादात आहे. आधी तमुक आणा."

४३ वर चालवून बघितला. पडद्यावर आलं : "थांबलो. पीपीपी_असिंक मूळमध्ये आहे, पण त्याला लागणारं सीआरसी-सीसीआयटीटी जादात आहे. आधी सीआरसी-सीसीआयटीटी आणा." त्याखाली आणखी दोन जोड्या निघाल्या. एक छपाईची, एक जुन्या माउसची. कोणाला त्यांची खबर नव्हती. गजाननलाही नाही, उमालाही नाही. त्याही दोन ओळी तिने मूळमध्ये आणल्या.

आणि यादीच्या अगदी वर, पहिल्या मॉड्यूलाच्याही आधी, तिने एक वाक्य लिहिलं :

"जादापर्यंत पोचायला जे लागतं, ते जादात ठेवायचं नाही."

यादी, आवृत्ती ४१

"उमा, प्रोग्रॅम चांगला आहे, घेतो. वरचं वाक्य काढतो. तो नियम आहे, आणि नियम बैठकीत ठरतात, यादीत नाही. बैठक एप्रिलमध्ये. तोपर्यंत ४१, फक्त छपाईची आणि माउसची जोडी दुरुस्त करून. आणि तू पुन्हा बदलशील म्हणून यादीवरचा तुझा अधिकार तात्पुरता काढलाय. रागावू नको. गजानन."

उमा रागावली. रागावून तिने तीन पत्रं लिहिली आणि एकही पाठवलं नाही. पहिलं फार लांब होतं. दुसऱ्यात गजाननच्या आईचा उल्लेख आला. तिसऱ्यात ती विनंती करत होती, ते वाचून तिला स्वतःचीच लाज वाटली.

चौथं पाठवलं :

"गजानन, एप्रिलमध्ये तुझी बैठक होईल तेव्हा अंतरवालीच्या खोलीत खताची पोती असतील. बैठकीत त्यांचाही आकार मोजा. पालवी सगळ्यांना मोकळी आहे, बदलायला आणि वाटायला. हे आपणच पहिल्या पानावर लिहिलंय. मी ते खरं धरते. अधिकार तुझ्या मशीनवरच्या यादीचा काढलास. माझ्या मशीनवर आवृत्ती ४५ आहे. उमा."

यादी, आवृत्ती ४५

ही आवृत्ती फक्त मस्तगडात आहे. ४४ जशीच्या तशी, वरचं वाक्य धरून.

या वेळी उमाने कोपऱ्यावरच्या फोटो स्टुडिओतून जुना मोडेम मागून आणला. क्लासच्या ब्रॉडबँडची तार काढून ठेवली, फोनची मोडेमला जोडली. एक चाळीसला फोन लागला. दोनला वीज गेली. मधल्या वीस मिनिटांत बेबीनंदाने चार सीड्या जाळल्या, दुसऱ्या दिवशी उरलेल्या सात.

"वर काय लिहू म्याडम? मूळ?"

"मूळ लिहिलंस की दुसरी कुठेय विचारतील."

"मंग?"

"काही लिहू नको. तारीख लिही."

१ मार्च

उंबऱ्यावर दोन पोती आली होती. बाकीची ट्रॅक्टरमध्ये. रामराव ट्रॅक्टरला टेकून तंबाखू मळत होता.

"या डाक्टर. उशीर केला."

"सकाळ आहे अजून," उमा म्हणाली आणि पोत्यावरून पाय टाकून आत गेली.

गोजरबाई खुर्चीवर बसल्या होत्या. उमाने सीडी पुढे केली. गोजरबाईंनी पाकीट उलटंपालटं करून बघितलं, आत बोट घालून चाचपलं.

"येकच हाय ना?"

"एकच."

"बिलकुल?"

"बिलकुल."

मग त्यांनी घातली. उमाला त्यांनी कीबोर्डला हात लावू दिला नाही. एकेक प्रश्न मोठ्याने वाचला, एकेक उत्तर मोठ्याने दिलं. बाहेर टपरीवरचे लोक चहा घेऊन दारात आले. नवं पॅकेज बसायला बावीस मिनिटं लागली. रामरावने मध्ये दोनदा विचारलं, "झालं का?" दोन्ही वेळा गोजरबाईंनी मान वळवली नाही.

फोन फिरला. टीईई. टिंग टिंग. खर्रर्रर्र.

थांबला.

"लाइन बिझी," उमा म्हणाली. "परत."

"म्हाईत हाय मला. लाइन बिझी असली का मशीनचा दोष नसतो." गोजरबाईंनी परत बटण दाबलं.

टीईई. टिंग टिंग. खर्रर्रर्र. खर्रर्र. पुन्हा एकदा, बारीक आवाजात, टीईई. मग शांत, आणि पडद्याच्या कोपऱ्यात दोन हिरवे दिवे लागले. जालन्याच्या मोंढ्याचं पान वरून खाली हळूहळू उघडायला लागलं, एकेक ओळ. दारातल्या गर्दीतून कोणीतरी शिट्टी मारली.

रामराव आत आला. तंबाखूचा हात धोतराला पुसला.

"वहिनी, सोयाबीनचा भाव काय निघाला?"

"बाहीर चार मानसं तुमच्या आधी उभी हायत भावजी," गोजरबाई म्हणाल्या. त्या बसलेल्या होत्या, तो उभा होता. "आन आत यायच्या आधी ती पोती हलवा. लोकांच्या पायात येऊन राह्यली."

पोती त्याने हलवली. लगेच नाही, दुपारी. पण हलवली.

५ मार्चनंतर

पालवी ठरल्या दिवशी निघाली, आवृत्ती ४१, पाकिटात दोन सीड्या. बनवणाऱ्यांच्या नावांत उमाचं नाव नव्हतं. तिच्या सव्वीस ओळी होत्या.

गजाननचा फोन आला. आवाज थकलेला होता. पाच ठिकाणांहून तक्रारी आल्या होत्या, फोन लागत नाही म्हणून.

"तुझी सीडी पालवी म्हणून देऊ नको एवढंच सांगतो," तो म्हणाला. "लोकांचा गोंधळ होतो."

"देत नाही. सीडीवर नुसती तारीख आहे."

"घनसावंगीहून पत्र आलंय, 'तारखेची सीडी पाठवा.' त्यांना काय उत्तर देऊ?"

"माझा पत्ता दे."

"उमा, वरचं ते वाक्य काढलंस तर मी ४५ घेतो. प्रोग्रॅम, चौथी ओळ, सगळं. तुझं नावही परत. फक्त ते वाक्य बैठकीपर्यंत थांबव."

वीज जायला सात मिनिटं होती. बेबीनंदा घनसावंगीसाठी सीडी जाळत होती, तिने मान वर करून बघितलं.

"वाक्य राहील," उमा म्हणाली. "नाव नसलं तरी चालेल."

"हट्ट आहे हा."

"हो."

तिने फोन ठेवला आणि घनसावंगीचा पत्ता पाकिटावर लिहायला घेतला.

१९९९ च्या डिसेंबरात गजाननने उमाला लिनक्सची पहिली सीडी पोस्टाने पाठवली होती. पाकिटावर त्याने लाल शाईने लिहिलं होतं : 'मुडपू नये.' घनसावंगीच्या पत्त्याखाली उमाने तेच लिहिलं.